आतून लावलेलं कुंकू

मोरूच्या फायद्याचा हिशेब सरळ होता. खालापूरच्या डब्यांच्या कारखान्यातला, त्याच्या हाती सोपवलेला नवा कॉम्प्युटर दिवाळीपर्यंत विनातक्रार चालला, तर त्याची नोकरी कायम होणार. आणि नोकरी कायम झाली, तर आबाजी फोरमन आपली लेक जया त्याला देणार. आबाजीने तसं तोंडाने कबूल केलं नव्हतं. पण गणपतीपासून तो मोरूला आपल्या डब्यातलं वालाचं बिरडं आग्रहाने वाढत होता, आणि आबाजी उगाच कुणाला वाढणारा माणूस नव्हे.

म्हणून अठ्ठ्याऐंशी सालच्या खंडेनवमीला मोरू गप्प बसला. यंत्रं पुसून त्यांना हळदकुंकू लावायचं काम दरवर्षी आबाजीकडे. प्रेस झाले, लेथ झाली, मग तो कॉम्प्युटरच्या काचेच्या खोलीत आला. वरच्या झाकणाला बोटं लावून त्याचं समाधान होईना. देव आत आणि कुंकू दाराला, ही कुठली रीत? त्याने स्क्रू काढले आणि कारखान्याचा हिशेब नेमका राहतो कुठे ते विचारलं. मोरूने हार्ड डिस्क दाखवली. आबाजीने तिची चपटी, पट्टीसारखी केबल उपसली, जोडाच्या पितळी रेघांवर ओलं कुंकू टेकवलं, केबल परत दाबली आणि हात जोडले. होणाऱ्या सासऱ्याला अडवायचं कसं, म्हणून मोरूनेही जोडले.

दसऱ्याची सुटी संपली आणि मशीन चालू केलं, तर पडद्यावर एकच ओळ: डिस्क सापडत नाही. मालाचा साठा, सगळ्यांचे पगार, जे काय होतं ते त्या डिस्कवर. मोरूने बंद करून चालू केलं, पुन्हा बंद करून चालू केलं. कारणाचा संशय त्याला लगेच आला होता. पण आबाजीचं नाव घेतलं तर जया गेली, आणि स्वतःचं घेतलं तर नोकरी. तो कळा दाबत राहिला.

मॅनेजरने मुंबईहून सबनीस नावाचा इंजिनिअर बोलावला. त्याने आल्या आल्या डिस्कला कान लावला. फिरत होती, म्हणजे वीज पोचत होती. सोबत आणलेली नवी केबल जोडून पाहिली. तीच ओळ. डिस्क मेली का, असं मॅनेजरने विचारलं. मेली असेल तर आतलं सगळं गेलं, असं सबनीस शांतपणे म्हणाला आणि मोरू भिंतीला टेकला. दारात कामगार जमले होते, त्यात आबाजीही.

सबनीसने केबल पुन्हा काढून जोडावर बॅटरी मारली.

"हे लाल काय आहे?"

मॅनेजरने मोरूकडे पाहिलं. मोरूने पायाकडे पाहिलं.

"कुंकू हाय, सायेब," आबाजी पुढे आला. "मीच लावलं. हा पोर नको नको म्हनत होता, मी आयकलं नाय."

मोरू एकदाही नको म्हणाला नव्हता. ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

सबनीसला हसू आवरेना. त्याने प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट मागितलं, जोड पुसला, टेबलावरच्या खोडरबराने रेघा घासून चकचकीत केल्या आणि केबल बसवली. डिस्क कुरकुरली. पडद्यावर कारखान्याचं नाव उमटलं, मागोमाग साठा, मग पगार. मॅनेजरने सोडलेला श्वास दारापर्यंत ऐकू आला. त्याला रागवायचं होतं, पण त्या पूजेचे पेढे त्यानेही खाल्ले होते. यापुढे काचेच्या खोलीला बाहेरूनच फूल वाहायचं, एवढंच तो बोलला.

कारखाना सुटल्यावर गेटपाशी मोरू आबाजीला गाठून काहीतरी पुटपुटायला लागला.

"गप रं," आबाजी म्हणाला. "बेकार जावई मला परवडनार नाय."

मोरू दिवाळीला कायम झाला आणि मार्गशीर्षात जयाचा नवरा. कंपनीला खर्च पडला तो बोटभर स्पिरिटाचा; सबनीसची फेरी करारातलीच होती. पुढच्या खंडेनवमीला पूजेचं ताट मॅनेजरने गोमा वेल्डरच्या हातात दिलं आणि आबाजी मागच्या रांगेत उभा राहिला. किंमत मोजली ती एकट्या आबाजीने. आणि त्याला विचाराल, तर स्वस्तात पडलं.