राळेचे डाग

"बूट उलटे कर," म्हातारा हाब्बो म्हणाला.

"बाबा, हा राष्ट्रीय संघाचा गोलरक्षक आहे!" तम्मो कळवळून ओरडला.

"असेल. बूट उलटे कर."

सहा फूट आठ इंचांच्या कोर्बिनियानने शाळकरी पोरासारखे बूट उलटे करून दाखवले. "काका, गोलरक्षक राळ लावतच नाहीत हो."

"मग दाखवायला काय जातं?"

तम्मोने कपाळावर हात मारला. एकोणीस वर्षं तो हँडबॉलवर जगला होता. चार संघ बदलले, गुडघे दोनदा चिरून घेतले. त्याचा आजचा निरोपाचा सामना शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये करायला त्याचा क्लब तयार होता. त्यानेच हट्टाने तो वेस्टरमोरला, आपल्या गावच्या हॉलमध्ये आणला. कारण एकच होतं. इतक्या वर्षांत बाबांनी त्याचा एकही सामना पाहिलेला नव्हता. तम्मोचे सामने शनिवारी-रविवारी, आणि शनिवारी-रविवारीच हाब्बोला हा हॉल उघडायचा, पुसायचा, बंद करायचा असे. टीव्हीवर तरी बघा म्हटलं, तर म्हणायचा, "त्यात फरशी नीट दिसत नाही."

फरशी! आई, फोलीने, चर्चमध्ये मनापासून गायची आणि हाब्बो शेजारी बसून बाकांखालचा चिखल निरखायचा.

त्या निळ्या फरशीचा वैरी एकच, राळ. बोटांना ती चोपडली की चेंडू हाताला धरून राहतो. मधेच लागली तर हाताशी असावी म्हणून खेळाडू तिचा गोळा बुटाच्या टाचेला चिकटवून ठेवतात. मग चेंडू, बूट, तळवे, जे जे फरशीला टेकेल ते काळा डाग ठेवून जातं. म्हणून या हॉलमध्ये राळेला बंदी होती आणि हाब्बो दारात खुर्ची टाकून एकेक टाच तपासत होता. क्लबहून आलेल्या चौदाजणांपैकी अकराजण बूट दारात गमावून मोज्यांवर आत गेले.

पहिला अर्धा खेळ म्हणजे नुसता तमाशा झाला. चेंडू साबणाच्या वडीसारखा सटकत होता. तम्मोची ती नावाजलेली फिरकी, कोपऱ्यातून झेप घेऊन मारलेली, गोलरक्षकाच्या पायाशी टप्पा खाऊन आत वळणारी, ती वळलीच नाही. सरळ गेली ती फोलीनेच्या केकच्या टेबलावर. चारशे माणसं पोट धरून हसली. हाब्बोने मान वळवूनही पाहिलं नाही. तो दारातून ओसरीवर नजर ठेवून होता, कुणी राळेचा डबा आणत नाही ना म्हणून.

मध्यंतरात तम्मोचा बांध फुटला. "बाबा, पुरे झालं! उद्यापासून मी कुठेच खेळणार नाही. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, मला राळ लावू द्या. सगळी फरशी मी स्वतः पुसून देतो. गुडघ्यांवर बसून."

"तुझ्या गुडघ्यांवर?"

"ह्याच गुडघ्यांवर!"

"राळ काढायला तेल कुठलं वापरशील?"

"तुम्ही सांगाल ते!"

फोलीनेने नवऱ्याच्या हातात चहाचा कप ठेवला. गरम चहात तळाची खडीसाखर अजून तडतडत होती. "जा, बसा आता," ती म्हणाली. "चर्चमध्ये बसता तासभर, इथे अर्धा तास बसलात तर देव काही रागावणार नाही."

हाब्बो उठला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

राळेचा डबा उघडला. आता चेंडू ऐकायला लागला. तम्मोने सहा गोल केले. अगदी शेवटी डाव्या कोपऱ्यातून तो उडाला, हवेत रेंगाळला, मनगट फिरवलं. टप्पा, वळण, जाळी. समोरच्या गोलातला कोर्बिनियान बसल्या जागी हात जोडून हसला आणि सगळा हॉल उभा राहिला. धापा टाकत तम्मोने पहिल्या रांगेकडे पाहिलं. हाब्बो वाकून, मान तिरकी करून, कोपऱ्यातल्या फरशीकडे बघत होता.

तम्मोला तिथेच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

तासाभराने बाहेर अंगणात सॉसेज भाजले जात होते, तम्मोच्या नावाने गाणी चालली होती, आणि तम्मो आत, तेलाची बाटली आणि फडकं घेऊन गुडघ्यांवर रांगत होता. शेजारी हाब्बो.

"हा कुणाचा गलिच्छपणा?" तम्मो करवादला.

"उंच केसवाल्याचा. पाय घासतो तो. हा तुझा." हाब्बोने कोपऱ्यातल्या डागावर बोट ठेवलं. "इथून उडालास, तिथे उतरलास. आता दोन्ही पायांवर उतरतोस. पूर्वी डाव्या एकट्यावर उतरायचास. ऑपरेशननंतर बदललंस?"

तम्मोचं फडकं थांबलं. हे त्याचा डॉक्टर आणि एक प्रशिक्षक सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पूर्वीचं तुम्हाला काय माहीत?"

"चौदाव्या वर्षापासून टाचेला राळ लपवून आणायचास. रोज संध्याकाळी पुसायचं कुणी?"

"मग बाकीच्यांचे बूट जप्त करायचात, माझेच का नाहीत?"

हाब्बो दोन डागांमधलं अंतर वितीने मोजत होता. "उडी लांबत होती तुझी," तो म्हणाला. "महिन्याला दोन बोटं."

बाहेर कुणीतरी तम्मोला हाक मारली. तो जागचा हलला नाही.

"अहो, मग हे सांगायला एकोणीस वर्षं लागतात?"

"तू इथे असतास तर सांगितलं असतं. टीव्हीवर डाग दिसत नाहीत." हाब्बोने बाटली हलवून पाहिली. "आणि नुसतं कुरवाळू नकोस. जोर लाव."