चार डाव्या बाह्या

चिंध्यांच्या पिशवीतून बाही निघाली... निळ्या ठिपक्यांची, अख्खी, न शिवलेली. चिंध्यांत अख्खी बाही कशी? तिनं ती दंडाला लावून पाहिली. डावी. मग पिवळी, तीही डावी, मग करडी, हिरवी — चारही डाव्या, आणि चारही तिनंच कापलेल्या. आपल्या कात्रीचं वळण तिला अंधारातही ओळखू आलं असतं.

तीस वर्षं ती शिकवत आली होती — एक बाही कापली की मापाचा कागद पालथा घालायचा, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या होतात. नवशिक्या मुली चुकल्या की ती म्हणायची, डोकं घरी ठेवून आलात का गं? डोकं... परवा डॉक्टरांनी पडद्यावर पेन टेकवलं, तिथे पांढरा डाग होता. लिम्फोमाच, तोच कॅन्सर, अकरा वर्षांपूर्वी गळ्यातून गेलेला. गेलेला कसला, दबा धरून बसला होता मेला, आणि आता मेंदूत. याच डॉक्टरांनी तेव्हा हसून सांगितलं होतं, "आता मला तोंड दाखवू नका." परवा त्यांनी विचारलं, कामात काही चुकतं का? ती ठसक्यात म्हणाली होती, "माझ्या? छे." शेजारी लेक मान खाली घालून बसली होती.

तिनं चारही बाह्या लेकीपुढे ठेवल्या. लेकीचं मशीन थांबलं.

"कधीपासून गं?"

"दोन महिने," लेक सुईकडे बघत म्हणाली. "उरलेल्या कापडातून मी उजवी काढायचे. वाटलं, तू दमली असशील, आई. मग... मग भीतीच वाटायला लागली."

दोन महिने! बोलली असतीस तर, कार्टे... पण ती तरी काय वेगळी होती? एकदा खडू हातात धरून ती स्वतःच कितीतरी वेळ उभी राहिली होती, आता काय करायचं ते आठवेना म्हणून, आणि कुणाला बोलली नव्हती. दोघी मिळून झाकत होतो आपण. आणि मला जगायचंय गं, अजून खूप जगायचंय...

तिनं नवं कापड पसरलं. एक बाही कापली. कागद पालथा घातला... घातला ना? पुन्हा उलटला. पुन्हा.

"तू हात लावू नकोस," ती म्हणाली. "नुसतं खरं सांग. बरोबर आहे?"

"बरोबर आहे, आई."

चार बाह्या लपवलेली लेकच हे सांगत होती. कात्री उघडून आई तशीच उभी राहिली.