रेशीम भरलेला रांजण

मी एक जुना पाण्याचा रांजण आहे. मनिलाजवळच्या कावीते बंदरात, दोरखंडांच्या वखारीमागे, तडा जाऊन पडलो आहे. आता माझ्यात पालींचा संसार आहे. मित्रांनो, खरे तर मला बोलायचाही कंटाळा येतो; पण एक गोष्ट मनात सलते, तेवढी सांगतो.

मला एका चिनी कुंभाराने घडवले. टिचकी मारून तो म्हणाला होता, "हा फुटायचा नाही." त्या कौतुकावर मी चार वेळा महासागर ओलांडला. मनिलाचे रेशीम घेऊन जहाज मेक्सिकोतल्या अकापुल्कोला जाई आणि तिकडची चांदी घेऊन परते. जाताना पाच-सहा महिने लागत. खाली मालामुळे वीतभर जागा नसे, म्हणून आम्हा रांजणांना वर दोरांना टांगत.

पाचव्या सफरीला खलाशी दिमासच्या बायकोने, मार्सेलाने, मला स्वतः विहिरीवर भरले आणि आपल्या निळ्या रुमालाने तोंड बांधले.

"हे तुम्हीच प्या हं. त्या उंडग्यांना वाटत बसू नका."

"अगं, जहाजावर चाललोय, सासुरवाडीला नव्हे!" दिमास हसला. ते पाणी त्याने अडीअडचणीसाठी राखायचे ठरवले.

जहाज सुटण्याआधी तांडेलाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, ते गुपचूप समुद्रात ओतले. मला कोरडे पुसले, पोटात स्वतः विकायचे रेशमाचे तागे कोंबले आणि रुमाल पुन्हा बांधला. "एका रांजणानं काय होतंय!" तो पुटपुटला. प्रत्येक अधिकारी हेच म्हणत होता, हे मला नंतर कळले.

चौथ्या महिन्यात पाणी संपले. दिमास तापाने फणफणला होता. त्याचा सोबती सिक्स्तो वाडगा घेऊन माझ्याकडे धावला. रुमाल सोडून त्याने आत हात घातला, तर लाल रेशीम बाहेर आले.

"आता काय पाजू रे मी याला?"

तिसऱ्या दिवशी दिमास गेला. पाऊस चौथ्या दिवशी आला. तांडेलाचे रेशीम मात्र चढ्या भावाने विकले गेले.

परतलो तेव्हा मार्सेला धक्क्यावर उभी होती. सिक्स्तोने तिला बातमी सांगितली. मग माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "भावोजी, शेवटी पाणी तरी मिळालं ना त्यांना? माझ्या हातचं?"

सिक्स्तोने मान वर केली नाही. "मिळालं, वहिनी. पोटभर प्याला."

तिने माझ्या अंगावरून हात फिरवला. "गुणाचा रे बाबा," म्हणाली.

मित्रांनो, पाण्याच्या भांड्यात पाणीच ठेवा. फार थकलो आहे मी. इतकी वर्षे झाली, पण तिचा तो हात मला अजून सोसत नाही.