खंबाटकीच्या वळणावर थांबलेलं पाखरू

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पण तुम्ही रोज रस्त्यावर पाहता तशी नव्हे. मी कमरेएवढी उंच, लांब नाकाची, दोनच माणसांना पोटात घेणारी वेगाची गाडी. माझ्यासारख्या जगात तीनच झाल्या. पहिल्या दोघी केव्हाच मोडीत गेल्या. मी राहिले आहे, पण नुसतीच राहिले आहे.

माझा जन्म सन त्र्याहत्तरचा, साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. लालासाहेबांनी मला घडवले. ते फौजेच्या मोटार वर्कशॉपमध्ये हवालदार होते. पासष्टच्या लढाईत त्यांनी तोफांच्या माऱ्याखाली ट्रक दुरुस्त केले होते. पेन्शन घेऊन आल्यावर त्यांच्या जोडीची माणसे उसाकडे वळली, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. यांनी मात्र मनात घेतले की, आपल्या मातीत, आपल्या हातांनी, वाऱ्यासारखी धावणारी गाडी बनवायची. लोक हसले. म्हणाले, "लढाईत डोक्याला मार बसला असंल." मार डोक्याला नव्हता बसला, कानांना बसला होता. पण ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

त्यांचा जोडीदार हुसेन. तो सांगलीत ट्रकच्या केबिनी ठोकायचा. लालासाहेबांनी त्याला बोलावून घेतले आणि माझे अंग त्याच्या हवाली केले. त्याने आधी लाकडाचा साचा केला. मग ॲल्युमिनियमचा पत्रा त्यावर ठेवून, लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत माझ्या अंगाचा एकेक बाक काढला. तो पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "अजून जरा पोट हाय हितं." डोळ्यांना न दिसणारा उंचवटाही त्याच्या हाताला लागत असे.

माझा सांगाडा पोलादी नळ्यांचा. इंजिन मात्र एका साध्या घरगुती गाडीचे होते. ताकद वाढावी म्हणून लालासाहेबांनी त्याचे हेड घासून आतला दाब वाढवला, फ्लायव्हील हलके केले, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, ते इंजिन त्यांनी पुढून मागे सरकवून थेट चालकाच्या पायांजवळ आणले. त्यामुळे वजन मधोमध आले आणि मी वळणावर रस्त्याला चिकटून राहू लागले. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

मला पहिल्यांदा चालवले ते गुंडाने. गुंडा म्हणजे लालासाहेबांचा धाकटा भाऊ, अंगाने काटक आणि सदा हसरा. मेढ्याच्या रस्त्यावर एक फेरी मारून तो परत आला, तेव्हा त्याचे केस पार विस्कटले होते.

"दादा, ही गाडी न्हवं, पाखरू हाय पाखरू!" तो ओरडला.

तेच माझे नाव पडले. मित्रांनो, ते दिवस माझ्या सुखाचे होते. दुपारी लालासाहेबांच्या पत्नी शालूबाई भाकरी घेऊन येत. लालासाहेब, हुसेन आणि गुंडा माझ्याशेजारी बसून जेवत. एकदा शालूबाईंनी दारातून दोन-तीनदा हाक मारली. लालासाहेबांनी मान वर केली नाही. शेवटी शालूबाईंनी जवळ जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला.

"आवं, कवापास्नं हाका मारतीया मी!"

"कामात हुतो गं," ते म्हणाले.

हुसेन हातातली हातोडी तशीच धरून त्यांच्याकडे पाहत राहिला. त्या दिवशी त्याच्या मनात शंका आली असावी.

त्याच वर्षी पुण्याचे एक मोठे गाडी-व्यापारी शेडमध्ये आले. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "हवालदारसाहेब, गाडी सुंदर आहे. खंबाटकी घाट दमदार चढून दाखवा. मला पटली, तर अशा आणखी बनवायचा परवाना मिळवून देण्याची जबाबदारी माझी." लालासाहेबांचा चेहरा उजळला. तीन गाड्यांवर थांबलेले त्यांचे स्वप्न आता पुढे जाणार होते.

पण त्याच आठवड्यात, सराव करताना, माझ्या इंजिनातले एक बेअरिंग झिजले. आतून बारीक आवाज येऊ लागला, टक् टक् टक्. गुंडाला गाडी पळवता येई, पण इंजिनाचे दुखणे कळत नसे. मित्रांनो, गाडीला तोंड नसते. दुखले खुपले तर आवाज हीच तिची बोली. मी त्या बोलीत सारखी सांगत होते, की मला आत काहीतरी झाले आहे.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळच्या गारठ्यात आम्ही सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूने घाटाच्या पायथ्याशी पोहोचलो. व्यापारी आले होते, बघ्यांची गर्दी झाली होती. लालासाहेबांनी इंजिन चालू करून लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या इंजिनावर टेकवले आणि मूठ कानाशी धरली. आपल्याकडचे जुने मिस्त्री असेच इंजिन ऐकतात. ते बराच वेळ ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही.

मग ते हुसेनकडे वळले. "हुसेन, कसा वाटतोय रं आवाज?"

हुसेनला टक्-टक् स्पष्ट ऐकू येत होती. त्याने लालासाहेबांकडे पाहिले, मग भोवतीच्या माणसांकडे पाहिले. खरे बोलावे, तर इंजिन बनवणाऱ्यालाच इंजिन ऐकू येत नाही, हे चारचौघांत उघडे पडणार होते.

"झकास हाय, लालासाब," तो म्हणाला.

गुंडा हसत आत बसला आणि आम्ही निघालो. पहिली वळणे मी कशी घेतली म्हणून सांगू! माझे टायर रस्ता सोडत नव्हते. गुंडा आनंदाने स्वतःशीच शीळ घालत होता. वरच्या अंगाच्या एका मोठ्या वळणावर त्याने आणखी वेग दिला, आणि माझ्या आत काहीतरी तुटले. इंजिनातला दांडा मोडून लोखंड फोडून बाहेर आला. उकळते ऑइल मागच्या चाकाखाली गेले. मी गरकन फिरले आणि माझे लांब नाक दगडी कठड्यावर आदळले. जे इंजिन मागे सरकवल्याचा लालासाहेबांना अभिमान होता, तेच गुंडाच्या पायावर येऊन बसले.

लालासाहेब आणि हुसेन व्यापाऱ्यांच्या गाडीतून मागोमाग पोहोचले. हुसेनने पहारीने माझा पत्रा उचकटला. जो पत्रा त्याने इतक्या मायेने घडवला होता, तोच फाडून त्याला गुंडाला बाहेर काढावे लागले. साताऱ्याच्या इस्पितळात गुंडाचा जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्यापासून गेला.

मला दोरखंड बांधून शेडमध्ये ओढत आणले आणि ताडपत्रीखाली ठेवले. हुसेन त्याच दिवशी हत्यारे गोळा करून सांगलीला निघून गेला. लालासाहेबांनी त्याला अडवले नाही. त्या हिवाळ्यात पेट्रोल भलते महाग झाले आणि वेगाच्या गाड्यांचे नाव कुणी काढीना. पुण्याचे व्यापारीही पुन्हा फिरकले नाहीत. आधी विकलेल्या माझ्या मोठ्या बहिणीही त्यांच्या मालकांनी मोडीत घातल्या. त्यांच्या अंगाचे ॲल्युमिनियम वितळवून त्याची भांडी झाली, असे मी ऐकले.

गुंडाला साताऱ्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काम मिळाले. कुठली गाडी कुठे लागली आहे, हे तो दिवसभर लोकांना सांगत असे. सुट्टीच्या दिवशी तो कुबडी टेकत येई, ताडपत्री बाजूला करून माझ्या सीटवर बसे. क्लचवर ठेवायला त्याला पाय नव्हता. थोडा वेळ स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून तो परत जाई. लालासाहेब कोपऱ्यात बसून असत. आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते, पण तसे ते कुणापाशी कबूल करत नसत. समोरचा काय बोलतो ते न कळताच मान डोलवत.

अठ्ठ्याहत्तर साली शेड रिकामी करायची वेळ आली. मला भंगारात द्यायचे ठरले. नेमका त्या आठवड्यात हुसेन काही कामाने साताऱ्याला उतरला आणि स्टँडवरच गुंडाच्या खिडकीसमोर आला. गुंडाने त्याला पाहिले, काम दुसऱ्यावर सोपवले आणि त्याला घेऊन थेट शेडमध्ये आला.

हुसेनचे केस पांढरे झाले होते. तो लालासाहेबांसमोर उभा राहिला आणि खाली मान घालून, अगदी हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटला.

लालासाहेब त्याच्या ओठांकडे पाहत राहिले. सवयीने मान डोलवायला गेले आणि थांबले.

"मोठ्यानं बोल, हुसेन," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई."

हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. गुंडा दारातच थबकला.

जी गोष्ट हुसेन इतकी वर्षे मनात दडवून होता, ती आता त्याला ओरडून सांगावी लागली. "त्या दिवशी आवाज चांगला न्हवता, लालासाब! बेअरिंग वाजत हुतं! मला ऐकू येत हुतं! तुमची लाज राखाय गेलो आन् खोटं बोललो!"

शेजारच्या शेडमधली माणसे काम टाकून बाहेर आली. लालासाहेबांनी या वेळी सगळे ऐकले.

"मला ऐकू येत न्हवतं, हे तुला ठाऊक हुतं," ते हळूच म्हणाले. "मग मला ठाऊक न्हवतं व्हय रं? तरी मी बसवलाच त्याला गाडीत."

तेव्हा दारातून गुंडा बोलला.

"दोघांस्नी ठाऊक हुतं. मग मला एकानं तरी सांगायचं हुतं."

लालासाहेबांना ते ऐकू गेले नाही. त्यांनी हुसेनच्या दंडाला धरून विचारले, "काय म्हणतोय त्यो?"

हुसेनने गुंडाकडे पाहिले. मग लालासाहेबांच्या कानाशी तोंड नेऊन त्याने गुंडाचे वाक्य जसेच्या तसे, एकही शब्द न वगळता, मोठ्याने सांगितले.

मित्रांनो, मला भंगारात दिले नाही. गुंडाने मला आपल्या घराच्या पडवीत ठेवून घेतले. दादाला तो कधी टाकून बोलला नाही, पण पुन्हा तो मोकळेपणाने हसलाही नाही. मी काही परत धावले नाही. माझ्या फुटलेल्या इंजिनात आता चिमण्या काड्या आणून टाकतात. कुणी गाडीवेडा कधी आला, तर माझ्या अंगाचा बाक पाहून वाहवा करतो. ते कौतुक ऐकून मला काहीच वाटत नाही.

तुम्ही गाडीला तेल घालाल, टायर बघाल, काच पुसाल. ते चांगलेच आहे. पण माझी विनंती निराळी आहे. तुमच्या घरात कुणाची नजर मंद झाली असेल, कुणाला ऐकू येत नसेल, तर त्याच्याजवळ बसा आणि खरे ते सांगा. त्याला वाईट वाटेल, कदाचित रागही येईल. येऊ द्या.