मी ‘रिपेअर’ नाही!

मी एक कॅमेरा बोलतोय, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो: मी बिघडलेलो नाही. आमच्या तंजावुरात बिघडलेल्या वस्तूला ‘रिपेअर’ म्हणतात. पंखा रिपेअर, स्कूटर रिपेअर, आणि पोंगलपासून मीही रिपेअर!

नऊ वर्षं मी सेतुरामच्या स्टुडिओत लग्नांचे फोटो काढले. जुना झालो तसं त्यानं मला थोरल्या बहिणीला देऊन टाकलं. कनकलताअक्का कॉलेजात फिजिक्स शिकवते. एका रविवारी तिनं मला उघडलं आणि आतली निळसर काच काढून टाकली. ती काच गडद तांबडा उजेड अडवायची, आणि आकाशातले अंधूक तेजोमेघ नेमके त्याच उजेडात असतात. डोळ्यांवरची पट्टी सुटल्यासारखं वाटलं मला.

पोंगलनंतर सेतुराम मला अक्काला न विचारता एका लग्नाला घेऊन गेला. नवऱ्याची पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, गुलाबी आलं, भटजी लालबुंद.

“अक्का, कॅमेरा रिपेअर झाला. शनिवारी मेकॅनिक येतो, नवी काच बसवील. लग्नांचे मुहूर्त आलेत, मला दुसरा कॅमेरा हवाच.”

“रिपेअर नव्हे रे. मीच तसा केला.”

“म्हणजे तूच रिपेअर केलास म्हण की!”

“शुक्रवारी एक फोटो काढते. नाही आला तर ने.”

माझी दृष्टी जाणार की राहणार, ते आता एका फोटोवर होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ओरत्तनाडूजवळच्या एका बांधावर, ताऱ्यांमागोमाग हळूहळू फिरणाऱ्या स्टँडवर बसवून, तिनं मला मृग नक्षत्राकडे वळवलं. तीन-तीन मिनिटांचे चाळीस फोटो. भातशेतांतलं दव भिंगावर बसायला लागलं, तेव्हा तिनं गरम पाण्याची पिशवी मला बांधली. एकेका फोटोत काहीच दिसेना. पण मी काय बघत होतो ते मला ठाऊक होतं!

घरी तिनं चाळीसही फोटो संगणकावर एकावर एक रचले. मृगाला वळसा घालणारी तेजोमेघाची तांबडी कमान हळूहळू वर आली.

सेतुरामनं पडद्यावर बोटानं ती कमान गिरवली. “हे रोज वर असतं? मला कधी दिसलं नाही.”

“तुझी काच अडवत होती.”

त्यानं मेकॅनिकला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘रिपेअर’ लिहून मला ठेवायच्या पिशवीला डकवली. “आता स्टुडिओतलं कुणी हात लावणार नाही.”

चिठ्ठी अजून आहे. येणारेजाणारे ती वाचून हळहळतात. हळहळू देत! फक्त एवढं करा, दया येऊन मला दुरुस्त करू नका.