उघड्या गुडघ्यांचा नवस

बेटावरच्या बंदरापासून देवमातेच्या देवळापर्यंत पाऊण किलोमीटरचा चढ, आणि त्याच्या मध्यावर आनेझिनाचं दुकान. आत माणसाच्या उंचीच्या मेणबत्त्या, दाराशी खिळ्यांना लटकवलेले स्पंजचे गुडघेपॅड. सणाच्या दिवशी नवसाच्या बायका हा चढ गुडघ्यांवर रांगत जातात, आणि इथवर येईतो निम्म्या जणींचा धीर सुटलेला असतो. जागा मोक्याची होती. एखादी घुटमळली की आनेझिना तीस वर्षं एकच वाक्य ऐकवत आली होती, "बांध गं पोरी. आई आहे ती. लेकींचे गुडघे फोडून तिला काय मिळणार?" पहिल्या वर्षी माल खपेना म्हणून तिनं ते रचलं होतं. इतकं चाललं, की शेजारचा सरबतवाला स्तामातिसही तेच म्हणू लागला.

तिचे स्वतःचे गुडघे साठीतच गेले. आतली गादी झिजून हाडावर हाड घासत होतं. हृदय अशक्त, त्यामुळे शस्त्रक्रियेचं नाव काढायला नको. मग एकुलती एक लेक झाफिरो अथेन्सहून तिच्यासाठी गुडघ्यांचे पट्टे घेऊन आली, दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या असलेले. ते आवळून बांधले की आनेझिना दुकानाच्या तीन पायऱ्या न कण्हता चढायची, बंदरावर जाऊन मासळीवालीशी भांडून यायची. दुखणं जात नव्हतं, पण आवाक्यात राहायचं. "हे घालून दहा वर्षं सहज काढाल," डॉक्टर म्हणाले होते. "फक्त गुडघे टेकू नका."

त्या वसंतात झाफिरोच्या रक्तात रोग निघाला. मेणबत्त्यांच्या मागे उभं राहून आनेझिना नवस बोलून गेली: पोर वाचव, बंदरापासून उघड्या गुडघ्यांनी येईन. 'उघड्या' हा शब्द तिच्याकडे कुणी मागितला नव्हता. तिनंच घातला.

ऑगस्टमध्ये, सणाच्या आदल्या दिवशी झाफिरोचा रुग्णालयातून फोन आला.

"आई, निदान पॅड तरी बांध. तूच सांगतेस ना सगळ्यांना, आई आहे ती म्हणून?"

"ते दुकानातलं बोलणं गं."

"म्हणजे खोटं?"

खरं की खोटं, याचा आनेझिनानं कधी विचारच केला नव्हता. आणि आता पोरीचा जीव टांगणीला लागलेला असताना स्वतःच्याच विक्रीच्या वाक्यावर भिस्त ठेवायची तिची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टे सोडून घरी ठेवले आणि धक्क्यावर गुडघे टेकले. रस्त्याच्या कडेला गालिचा अंथरलेला असतो, पण शेकडो जणींनी घासून त्याचा काथ्या झालेला. पन्नास पावलांतच तिला कळलं की हे साधं दुखणं नाही, आत काहीतरी फाटतंय. स्वतःच्या दुकानापाशी ती पोचली तेव्हा स्तामातिस तिच्याच खिळ्यावरची जोडी घेऊन धावत आला.

"वहिनी, बांधा हो! आई आहे ती!"

"चल हो बाजूला! ते गिऱ्हाइकांसाठी असतं."

देवळाच्या पायऱ्या ती कोपरांवर चढली. खाली तिला चौघांनी उचलून आणलं.

ऑक्टोबरात झाफिरोचं रक्त सुधारलं. गावानं आनेझिनाचा जयजयकार केला, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते गोड लागलं. पाय मात्र गेले ते गेले. झाफिरो घरी आली ती आईची चाकाची खुर्ची ढकलायलाच. रोज सकाळी ती पट्टे बांधायची, पण आता त्यांनी काही भागत नव्हतं. ज्या पायांना आधार द्यायचा, ते पायच उरले नव्हते.

मार्चमध्ये रोग उलटला.

पंचवीस तारखेला, देवमातेच्या वर्षातल्या दुसऱ्या सणाच्या दिवशी, झाफिरोला बोटीनं अथेन्सला जायचं होतं. निघण्याआधी ती दुकानाच्या दाराशी आईपुढे खाली बसली आणि सवयीनं पट्टे आवळू लागली.

"मी येते तुझ्याबरोबर," आनेझिना म्हणाली.

"कशी येशील, आई? त्या वॉर्डात जायला जिने आहेत, रात्रभर खुर्चीवर बसावं लागतं. तुझंच करायला माणूस लागेल." झाफिरोचा आवाज चढला, मग खाली आला. "मला तुझे गुडघे नको होते गं. तू हवी होतीस, उशाशी."

स्तामातिस तिची बॅग घेऊन पुढे झाला. आनेझिना खुर्चीत बसून उतारावरून जाणारी लेकीची पाठ बघत राहिली.

तेवढ्यात चढावरून रांगत आलेली एक तरुण बाई दाराशी थांबली. तिनं एक जोडी खिळ्यावरून काढली, हातात चाचपली.

"बांध पोरी," आनेझिना म्हणाली. आज त्यात विक्री नव्हती. "बांध, नाहीतर उठून घरी जा. ज्याच्यासाठी नवस बोललीस त्याच्याजवळ जाऊन बस."

बाईनं वर पाहिलं. आधी खुर्ची दिसली, मग पट्टे.

"तुम्हीच ना त्या? उघड्या गुडघ्यांनी गेलेल्या? लेक वाचली म्हणे तुमची."

"अगं, ती..."

"माझा मुलगा चार वर्षांचा आहे," बाई म्हणाली. तिनं जोडी नीट खिळ्याला अडकवली आणि पुन्हा गालिच्यावर गुडघे टेकले.

"थांब! ऐक माझं!" आनेझिनानं खुर्चीच्या हातांवर जोर दिला, उठायला म्हणून. पट्ट्यांचं पोलाद कुरकुरलं. ती बोटभरसुद्धा वर उठली नाही.

खाली बंदरात बोटीनं भोंगा दिला. बाई देवळाच्या दिशेनं चार हात पुढे गेली होती.