नाक्यावरचा वाकलेला दांडा

मित्रांनो, बपेऱ्याजवळ बावनथडी नदीच्या पुलाकडे जाताना रस्त्याच्या कडेला गवतात एक लांब लोखंडी पाइप पडलेला दिसेल. मधोमध वाकलेला, लाल-पांढऱ्या रंगाचे पोपडे निघालेला. शेळ्या त्याला अंग घासतात. तो मी. मी इथल्या नाक्यावरचा जुना आडवा दांडा आहे. पाठ वाकली असली तरी मिजास अजून गेलेली नाही.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर लवकरच तुमसरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी घडलो. त्याआधी मी कुणाच्या तरी बोअरवेलचा पाइप होतो म्हणे. ते मी फारसं कुणाला सांगत नाही. एका टोकाला दगडाचं वजन, दुसऱ्या टोकाला दोर. दोर ओढला की मी खाली, सोडला की वर. पलीकडे मध्य प्रदेश, अलीकडे महाराष्ट्र आणि मधे मी! चोरटं सागवान, दारूच्या पेट्या, वाळूचे ट्रक मी अडवले. मोठमोठे साहेबसुद्धा माझ्यासमोर गाडीची काच खाली करत. वराती मात्र मी कधी खोळंबू दिल्या नाहीत. नदीपलीकडच्या कितीतरी पोरी सुना होऊन माझ्याखालूनच गावात आल्या.

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर पूर्वी धानाच्या गोष्टी निघत. पुढे पुढे तिथे दुसराच वाद रंगू लागला. देशाच्या सीमेवरून लोक चोरून आत येतात, त्यांना हुडकून बाहेर काढा, असं एक जण म्हणे. पोटासाठी आलेल्या गरिबाला कायले छळता, असं दुसरा म्हणे. खरं सांगतो, मला दोघांचंही थोडं थोडं पटे. मी स्वतः अडवणारा. सीमेला दांडा नको असं मी कसं म्हणेन?

मग एका पावसाळ्यात मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला. बाहेर देशातून घुसलेले लोक फेरीवाले बनून, भांडी घेऊन गावोगाव हिंडतात, दिसले की पकडा, असं त्यात होतं. तो कुणी बनवला, कुठे बनवला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण लोकांची नजर बदलली. अनोळखी माणूस दिसला की टपरीवरची बोलणी बंद पडू लागली.

अशा दिवसांत हरिपद आला.

हरिपद माशांचं बीज विकायचा. दर पावसाळ्यात पलीकडच्या मत्स्यबीज केंद्रातून जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, दोन हंड्यांत जिऱ्याएवढी पिल्लं घेऊन यायचा आणि आसपासच्या तलावांत सोडायचा. हल्ली हे बीज हवा भरलेल्या पिशव्यांतूनही येतं, पण हरिपद जुन्या वळणाचा. हंड्यातल्या पाण्यावर तो सारखा हाताने थापटत राही. त्यानेच पाण्यात हवा मिसळते. हात थांबला की पिल्लं गुदमरून उलटी होतात.

त्या दुपारी पावसाने उघडीप दिली होती आणि ऊन भयंकर तापलं होतं. हरिपदची भाड्याची जीप माझ्यासमोर थांबली आणि आतून तो फोनवर बंगालीत बोलत असल्याचं टपरीवरच्या श्रावणने ऐकलं. श्रावण म्हणजे गावातला तापट तरुण, तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवत फिरणारा.

"उतर खाली! कुठचा हायेस तू?"

जीपवाला घाबरला. त्याने हंडे रस्त्यावर उतरवले आणि जीप वळवून पळाला. हरिपद दोन हंड्यांच्या मधे उकिडवा बसला, एक हात या हंड्यात, एक हात त्या हंड्यात.

"गडचिरोलीचा हाय, दादा. आमचा बाप फाळणीतला निर्वासित, त्याला सरकारने तिथं वसवलं. मी तिथंच जन्मलो."

"मंग बंगालीत काहून बोलून राहिला? हात बाहेर काढ! काय लपवून राहिला हंड्यात?"

"हात नाय काढू शकत, दादा. मासे मरतील."

हात काढत नाही म्हणजे काहीतरी लपवतोय, एवढंच लोकांना कळलं. बघता बघता गर्दी जमली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात चप्पल. कुणीतरी ढकललं, एक हंडा कलंडला आणि अर्धं पाणी डांबरावर सांडलं. तापलेल्या डांबरावर पिल्लं तडफडू लागली.

नाक्यावर तेव्हा एकटी तृप्ती मॅडम होती. नवीन पोलीस शिपाई, कोवळ्या वयाची. ती धावत आली, तिने हरिपदला आणि हंड्यांना माझ्या पलीकडे ओढलं आणि दोर खेचून मला खाली पाडलं. गर्दी इकडे राहिली, हरिपद तिकडे. मित्रांनो, इतकी वर्षं मी परक्यांसमोर आडवा झालो होतो. त्या दिवशी मी आपल्याच गावासमोर आडवा झालो, आणि मला दरदरून घाम फुटला असता, पण लोखंडाला घाम येत नाही.

"चौकशी मी करन! पाय पुढं टाकायचा नाही!" मॅडम ओरडली. ती जागची हलली नाही. फोनवर तिने हरिपदच्या गावच्या ठाण्याला विचारणा केली. उत्तराला वेळ लागत होता. तेवढ्यात गर्दी माझ्यावर रेलली. मी वाकू लागलो.

त्या गर्दीत मागे मंगरू उभा होता. तलावाच्या मच्छीमार सोसायटीचा माणूस, श्रावणचा सख्खा काका. हरिपदला दरवर्षी बोलावणारा तोच. त्या दिवशीही तो हंडे न्यायलाच आला होता. पण सगळ्यांच्या डोळ्यांत रक्त उतरलेलं पाहून तो मागेच दबून राहिला होता. मला त्याचा इतका राग आला, म्हणून सांगू!

हरिपदने एकदा त्याच्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही. फक्त पाहिलं, आणि पुन्हा पाण्यावर हात मारू लागला.

मंगरूने मान खाली घातली. मग तो एकाएकी वाट काढत पुढे आला, माझ्याखालून वाकून पलीकडे गेला आणि सांडलेल्या हंड्यात त्याने स्वतःचा हात घातला.

"काका! काहून गेला तिकडं?" श्रावण ओरडला.

"मीच बोलावलं याले," पाणी थापटत मंगरू म्हणाला. "दरसाल बोलावतो. याच्या हातचे मासे तू बी खाल्ले, श्रावण. मघापासून मुका होऊन उभा होतो. मारायचं असन तं आता मले बी मारा."

काठ्या उचललेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. सख्ख्या काकावर कोण हात टाकणार? माझ्यावरचा भार हळूहळू कमी झाला. काही वेळाने फोन वाजला. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं जुळलं. मॅडमने ते मोठ्याने सांगितलं. लोक एकमेकांकडे न बघता पांगले. माफी कुणीच मागितली नाही.

मंगरूच्या हंड्यातली पिल्लं मात्र वाचली नव्हती. पाण्यावर पांढरा थर तरंगत होता, तरी तो थापटतच होता. शेवटी हरिपदनेच त्याचा हात धरून बाहेर काढला.

"जा आता," मॅडम म्हणाली. "तुम्ही आपलेच आहात, कळलं सगळ्यांना."

हरिपदने उरलेला हंडा उचलला. मग थांबून विचारलं, "आणि नसतो तर, मॅडम?"

तिने माझ्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवला. "तर परत पाठवलं असतं. कायद्यानं. पण मारू दिलं नसतं."

पुढे माझ्या जागी नवा दांडा आला आणि मी गवतात. त्याचं मला दुःख नाही. सीमेवर दांडा हवाच, कोण आला, कुठून आला, हे विचारायलाच हवं. पण मित्रांनो, ज्याला आपण अडवतो, तो त्या क्षणापासून आपल्या ताब्यात असतो आणि त्याच्या जिवाची काळजी आपल्यावर असते. कधी कुणाला थांबवायची वेळ आलीच, तर त्याला हात वर करायला लावण्याआधी एवढं बघा, की ते हात कुणाला जगवत आहेत.